चिठ्ठीतली माहिती कुठे सांडते?
बी. फार्म.च्या वर्गात हेल्थ इन्फर्मॅटिक्स शिकवणाऱ्यांसाठी

बी. फार्म.च्या दुसऱ्या सत्रात ‘कॉम्प्युटर ॲप्लिकेशन्स इन फार्मसी’ हा विषय येतो. बायनरी संख्या, एचटीएमएल आणि एक्सएमएल, औषधव्यवसायातला संगणकाचा वापर, बायोइन्फर्मॅटिक्स, प्रयोगशाळेची माहिती सांभाळणाऱ्या लिम्ससारख्या प्रणाली, असे त्याचे पाच घटक आहेत. परीक्षा विद्यापीठाची नसते, कॉलेजच घेतं. त्यामुळे मुलं तो आदल्या रात्री वाचून काढतात. शिकवायला बऱ्याच ठिकाणी तासिका तत्त्वावर संगणकाचे शिक्षक येतात. संगणक त्यांना उत्तम येतो, पण औषधाची चिठ्ठी त्यांच्या हाताखालून कधी गेलेली नसते. आणि ज्यांना चिठ्ठी कळते ते फार्माकॉलॉजीचे किंवा फार्मसी प्रॅक्टिसचे शिक्षक त्या लॅबकडे फिरकत नाहीत.

याच वर्गातली एखादी मुलगी पुढे मोठ्या रुग्णालयाच्या फार्मसीत डॉक्टरांच्या ऑर्डरी स्क्रीनवर तपासत बसते. एखादा मुलगा गावात मेडिकल टाकतो आणि दिवसभर बिलिंग सॉफ्टवेअरवर काम करतो. कुणी पुण्या-मुंबईच्या फार्माकोव्हिजिलन्स कंपनीत दुष्परिणामांच्या नोंदी कोड करतं, कुणी सरकारी दवाखान्यात ई-औषधी प्रणालीत साठा भरतं. या चौघांचं काम वरवर वेगळं दिसलं तरी मूळ एकच आहे: औषधाची माहिती एका हातातून दुसऱ्या हातात जाताना कुठे बदलते, कुठे सांडते, ते पाहायचं आणि वेळेत पकडायचं. आरोग्य माहितीशास्त्र शिकवायचं ते हा प्रश्न मध्यभागी ठेवून. संगणकाचे भाग आणि संक्षेपांचे विस्तार पाठ करून घेण्यात वर्गाचा वेळ जाऊ नये, असं मला मनापासून वाटतं.

यासाठी नव्या अभ्यासक्रमाची वाट पाहायची गरज नाही. प्रात्यक्षिकांच्या यादीत रुग्णांची माहिती साठवणारा ॲक्सेसमधला डेटाबेस, नोंद भरायचा फॉर्म, औषधांची माहिती साठवणं आणि शोधणं, क्वेरी, रिपोर्ट, एक्सएमएलमध्ये निर्यात हे सगळं आधीपासून आहे. आज मुलं स्क्रीनशॉट काढून जर्नलमध्ये चिकटवतात आणि सही घेतात. ती प्रात्यक्षिकं तशीच ठेवा, फक्त त्यात चिठ्ठी घाला.

पहिलं प्रात्यक्षिक रकान्यांचं

पंचवीसेक चिठ्ठ्या तुम्ही स्वतः लिहून काढा. काल्पनिक रुग्ण, पण चिठ्ठीची धाटणी तुमच्या गावातल्या डॉक्टरांची हवी. काहींत ब्रँडचं नाव, काहींत जेनेरिक. एकीत ‘बीडी’, दुसरीत ‘१-०-१’, तिसरीत ‘लागल्यास’. एका चिठ्ठीत गोळीची ताकद लिहायची राहून गेलेली. एकीत ‘दर रविवारी एक’. टाइप केलेल्या स्वच्छ चिठ्ठ्या देऊ नका, हाताने लिहा आणि झेरॉक्स काढा.

मग मुलांना दोघा-दोघांत बसवून सांगा, की या सगळ्या चिठ्ठ्या एका तक्त्यात भरा. रकाने कोणते, ते सांगू नका. जवळजवळ सगळ्या जोड्या एकच करतात: नाव, वय, डॉक्टर, तारीख आणि ‘औषध’ नावाचा एक लांबलचक रकाना. त्यात ‘टॅब. मेटफॉर्मिन ५०० १-०-१ जेवणानंतर १५ दिवस’ अशी अख्खी ओळ जाते. भरू द्या. पूर्ण होऊ द्या. मग फळ्यावर तीन प्रश्न लिहा. मेटफॉर्मिन किती जणांना चालू आहे? दिवसाला दोन ग्रॅमपेक्षा जास्त कुणाला मिळतंय? या आठवड्यात कुणाची औषधं संपणार?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर शोधपेटीतून येईल असं वाटतं, पण ब्रँडच्या नावाने लिहिलेल्या चिठ्ठ्या त्यातून सुटतात. दुसऱ्या आणि तिसऱ्याचं तर येतच नाही, कारण ताकद, मात्रा, वेळा आणि दिवस एकाच ओळीत कोंबलेले असतात. इथे वर्गात जी चुळबुळ सुरू होते, तिला वेळ द्या. मुलं स्वतःच रकाने फोडायला लागतात. औषधाचं नाव वेगळं, ताकद वेगळी, स्वरूप वेगळं, एका वेळची मात्रा वेगळी, दिवसातून किती वेळा ते वेगळं, किती दिवस ते वेगळं. ‘एक गोळी’ आणि ‘५०० मिलिग्रॅम’ या माहितीच्या दोन निरनिराळ्या बाबी आहेत, हे पुस्तकातून सांगितलं तर कानावरून जातं. इथे ते हाताला लागतं.

याच प्रात्यक्षिकात आणखी एक गोष्ट मुद्दाम घडवून आणा. साध्या स्प्रेडशीटमध्ये, रकान्याचा प्रकार न ठरवता, ‘१-०-१’ टाइप करायला सांगा. ते जसंच्या तसं राहतं. मग ‘१-१-१’ टाइप करायला सांगा. एंटर दाबताच त्याची १ जानेवारी २००१ ही तारीख होते. दिवसातून तीनदा घ्यायची गोळी गेली आणि पंचवीस वर्षांपूर्वीची तारीख आली, तीही कुठलीही सूचना न देता. बॅच नंबरचंही तसंच आहे. सुरुवातीची शून्यं गळून पडतात आणि आकड्यांच्या मध्ये इंग्रजी ‘ई’ असलेला नंबर शास्त्रीय संख्या होऊन बसतो. जनुकशास्त्रज्ञांनी हा त्रास इतकी वर्षं सोसला, की सप्टेंबर किंवा मार्चसारखी वाटणारी काही जनुकांची नावंच मानवी जनुकांच्या नामकरण समितीने बदलली, आणि त्याबद्दलची मार्गदर्शक तत्त्वं २०२० मध्ये जाहीर केली. एवढं सांगितलं, की ‘डेटा टाइप’ म्हणजे काय हे वेगळं शिकवावं लागत नाही.

कायद्याने मागितलेले रकानेही याच तक्त्यात यावेत. शेड्यूल एच-१ मधली औषधं विकताना लिहून देणाऱ्या डॉक्टरांचं नाव-पत्ता, रुग्णाचं नाव, औषधाचं नाव आणि दिलेलं प्रमाण वेगळ्या रजिस्टरमध्ये नोंदवावं लागतं आणि ते रजिस्टर तीन वर्षं जपावं लागतं. मार्च २०१४ पासून हा नियम लागू आहे. मुलांना विचारा, तुमच्या तक्त्यातून हे रजिस्टर आपोआप निघेल का? निघत नसेल तर कुठला रकाना कमी पडला?

दोन तक्ते का लागतात, हे समजावायला पॅरासिटामॉलसारखं औषध नाही. तापाची गोळी पॅरासिटामॉलची, सर्दीच्या गोळीत पॅरासिटामॉल, अंगदुखीच्या गोळीत डायक्लोफेनॅकसोबत पॅरासिटामॉल. तिन्हींची ब्रँडनावं वेगळी, त्यामुळे ब्रँडच्या रकान्यात बघून काहीच दिसत नाही. एका ब्रँडमागे अनेक घटक असतात, म्हणून घटकांचा तक्ता स्वतंत्र ठेवायचा आणि ब्रँडच्या तक्त्याशी जोडायचा. मग क्वेरी लिहिली की दिवसाची बेरीज येते आणि प्रौढाच्या चार ग्रॅमच्या मर्यादेशी ती ताडून पाहता येते. डेटाबेसच्या पुस्तकातलं ‘वन टू मेनी’ नातं मुलांना अशा बेरजेतून जितकं लख्ख कळतं, तितकं ग्राहक आणि बिलांच्या उदाहरणातून कळत नाही.

ॲस्पिरिनचे दोन पत्ते

यानंतर कोड. जागतिक आरोग्य संघटनेसाठी ऑस्लोचं केंद्र औषधांचं एटीसी वर्गीकरण सांभाळतं आणि त्याची सूची वेबवर कुणालाही मोफत पाहता येते. मेटफॉर्मिनचा कोड ए१०बीए०२. पहिलं अक्षर शरीराच्या संस्थेचं, मग उपचाराचा गट, मग रसायनाचा गट, शेवटी खुद्द औषध. मुलांना आधी ही फोड करून दाखवा आणि मग ॲस्पिरिनचा कोड शोधायला लावा. काहींना बी०१एसी०६ सापडेल, काहींना एन०२बीए०१. दोन्ही बरोबर आहेत. रक्त गोठू नये म्हणून दिलेली ७५ मिलिग्रॅमची गोळी एका घरात, दुखण्यासाठीची दुसऱ्या घरात. म्हणजे चिठ्ठीत ते औषध कशासाठी दिलं हे लिहिलेलं नसेल, तर कोड लावणाऱ्याला अंदाज करावा लागतो. नेमका इथे फार्मासिस्ट लागतो.

स्नोमेड सीटीसारख्या मोठ्या शब्दावलीची ओळख एका तासात होते, त्याहून जास्त वेळ पदवीच्या मुलांवर खर्चू नका. भारत ती शब्दावली सांभाळणाऱ्या संघटनेचा सदस्य असल्यामुळे इथे ती मोफत वापरता येते आणि तिचं भारतातलं काम पाहणारं राष्ट्रीय केंद्र पुण्यात सी-डॅकमध्ये आहे. भारतीय औषधांसाठीची सामाईक कोडसूचीही तिथेच तयार झाली. आयुष्मान भारत डिजिटल मिशन २७ सप्टेंबर २०२१ ला देशभर सुरू झालं. त्यात चिठ्ठी एका दवाखान्यातून दुसऱ्या ठिकाणी ‘फायर’ या मानकाच्या साच्यात जाते. तो साचा उघडून दाखवा. मुलांना त्यात आपलेच रकाने दिसतील: औषध, मात्रा, वेळा, मार्ग, कालावधी. दुसऱ्या सत्रात स्वतः केलेला तक्ता आणि राष्ट्रीय मानक यांत इतकं साम्य पाहून त्यांना जो हुरूप येतो, तो पुढच्या सगळ्या तासांना पुरतो.

साडेअडतीस गोळ्या

संगणक आला म्हणजे चुका थांबल्या, असा समज मुलांच्या मनात घट्ट असतो. तो काढायला मी एकच प्रकरण सविस्तर घ्यावं असं सुचवेन. सॅन फ्रान्सिस्कोतल्या कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या रुग्णालयात २०१३ मध्ये ते घडलं. तिथलेच डॉक्टर रॉबर्ट वॉक्टर यांनी ते ‘द डिजिटल डॉक्टर’ या २०१५ च्या पुस्तकात उघडपणे मांडलं.

सोळा वर्षांचा मुलगा, वजन ३८.६ किलो. त्याला ट्रायमेथोप्रिम-सल्फामेथॉक्साझोलची एक गोळी हवी होती. डॉक्टरांनी किलोमागे ५ मिलिग्रॅम असा हिशेब टाकला, उत्तर आलं १९३ मिलिग्रॅम. गोळी मात्र १६० ची. पाच टक्क्यांहून जास्त फरक असला तर डॉक्टरांनी ऑर्डर पुन्हा टाकायची, असा तिथला नियम होता. फार्मासिस्टने नियमाप्रमाणे निरोप पाठवला. डॉक्टरांनी १६० टाइप केलं. पण शेजारच्या चौकटीत एकक अजून ‘मिलिग्रॅम दर किलो’ असंच होतं. संगणकाने १६० ला ३८.६ ने गुणलं, ६,१७६ मिलिग्रॅम म्हणजे साडेअडतीस गोळ्या काढल्या. जास्त मात्रेचा इशारा डॉक्टरांच्या स्क्रीनवर आला, त्यांनी तो बंद केला. फार्मासिस्टच्या स्क्रीनवर आला, तिथेही पुढे गेला. यंत्रमानवाने गोळ्या बिनचूक मोजून भरल्या. परिचारिकेला आकडा खटकला, पण बारकोड स्कॅन केल्यावर संगणकाने ‘बरोबर’ म्हटलं. मुलाने सगळ्या गोळ्या घेतल्या. त्याला मोठा झटका आला. तो वाचला.

वर्गात हे नुसतं सांगू नका, उभं करा. डॉक्टर, फार्मासिस्ट, यंत्रमानव, परिचारिका, रुग्ण अशी पाच मुलं पुढे बोलवा. चिठ्ठी एकाकडून दुसऱ्याकडे द्यायला लावा. प्रत्येकाला एकच प्रश्न विचारा: तुझ्यासमोर कोणती माहिती होती आणि कोणती नव्हती? मुलं आधी डॉक्टरांना दोष देतात, मग परिचारिकेला. हळूहळू त्यांच्या ध्यानात येतं, की प्रत्येकाने नेमून दिलेलं काम केलं होतं आणि बारकोडने फक्त ‘ऑर्डरप्रमाणे आहे’ एवढंच तपासलं होतं. ऑर्डरच चुकीची असेल, तर बारकोड तीच चूक खात्रीने पुढे पोचवतो. फार्मासिस्टच्या भूमिकेतल्या मुलाला शेवटी थोडा जास्त वेळ द्या. एका फोनने काय झालं असतं, हे त्याला स्वतःच्या तोंडून म्हणू द्या.

आपल्याकडच्या चिठ्ठीतली उदाहरणंही जोडा. युनिटसाठी इंग्रजी ‘यू’ हे अक्षर घाईत लिहिलं की शून्यासारखं दिसतं, मग १० युनिट इन्सुलिनचे १०० होतात. सांधेवातासाठी मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच घ्यायचं असतं. चुकून ‘रोज’ झालं तर जिवावर बेततं. म्हणून अमेरिकेतली आयएसएमपी ही औषधसुरक्षेची संस्था सांगते, की संगणकात या औषधाचा मूळ पर्याय ‘आठवड्यातून एकदा’ हाच असावा. एकक आणि मूळ पर्याय या स्क्रीनवरच्या अगदी किरकोळ वाटणाऱ्या दोन गोष्टी, पण त्यांवर रुग्णाचा जीव अवलंबून असतो.

इशारे मुलांनीच लिहावेत

हा भाग सातव्या सत्रातल्या फार्मसी प्रॅक्टिससाठी राखून ठेवा. दुसऱ्या सत्रातल्या मुलांना फार्माकॉलॉजी अजून झालेलं नसतं, त्यांना औषधांच्या आंतरक्रिया विचारून उपयोग नाही. सातव्यात येईपर्यंत ती तयार असतात.

प्रत्येक गटाला पाच नियम लिहायला सांगा. उदाहरणार्थ, वॉर्फरिन आणि डायक्लोफेनॅक एकत्र आले तर इशारा. रॅमिप्रिलसोबत स्पायरोनोलॅक्टोन असेल तर पोटॅशियम तपासायची आठवण. मूत्रपिंडाची गाळणक्षमता ३० च्या खाली असताना मेटफॉर्मिन. हे नियम स्प्रेडशीटमधल्या साध्या ‘जर-तर’ सूत्रांनी लिहिता येतात, वेगळं सॉफ्टवेअर लागत नाही. मग सगळ्या गटांचे नियम एकत्र करून चिठ्ठ्यांच्या मोठ्या गठ्ठ्यावर चालवा. पडदाभर लाल खुणा येतात. आता एका मुलाला दहा मिनिटांत सगळ्या चिठ्ठ्या ‘मंजूर’ करायला बसवा आणि बाकीच्यांना पाहू द्या. तो किती इशारे वाचतो आणि किती नुसते पुढे ढकलतो?

२००६ मध्ये नेदरलँड्सच्या संशोधकांनी अशा अनेक अभ्यासांचा आढावा घेतला होता. औषधसुरक्षेचे ४९ ते ९६ टक्के इशारे बाजूला सारले जातात, असं त्यात आढळलं. हा आकडा आधी सांगू नका, मुलांनी ते स्वतः अनुभवल्यावर सांगा. त्यानंतर खरं काम सुरू होतं: कोणता इशारा काम थांबवणारा असावा, कोणता फक्त बाजूला दिसावा आणि कोणता काढूनच टाकावा. गटागटांत वाद होऊ द्या. प्रत्येक निर्णयासोबत कारण लिहून घ्या. पाचपैकी दोन नियम काढून टाकून त्याचं पटणारं कारण देणाऱ्या गटाला मी पाचही ठेवणाऱ्या गटापेक्षा जास्त गुण देईन.

मुलं हल्ली आंतरक्रिया थेट चॅटबॉटला विचारतात. त्यांना अडवण्यापेक्षा तपासायला शिकवा. एकाच प्रश्नाचं उत्तर चॅटबॉट, औषधाची माहितीपत्रिका आणि नॅशनल फॉर्म्युलरी ऑफ इंडिया या तिन्हींत पाहायचं आणि जिथे फरक पडतो तिथे कुणाचं का मानलं ते दोन ओळींत लिहायचं.

पट्टी, साठा आणि दुष्परिणाम

मुलांना घरून रिकाम्या पट्ट्या आणायला सांगा. १ ऑगस्ट २०२३ पासून तयार झालेल्या ठरावीक तीनशे ब्रँडच्या औषधांवर बारकोड किंवा क्यूआर कोड बंधनकारक आहे. त्यात उत्पादनाचा ओळख कोड, जेनेरिक आणि ब्रँड नाव, उत्पादकाचं नाव-पत्ता, बॅच नंबर, उत्पादनाची आणि मुदत संपण्याची तारीख आणि परवाना क्रमांक असावा लागतो. फोनने स्कॅन करून छापील मजकुराशी ताडून पाहायचं. कोड नसलेल्या पट्ट्या वेगळ्या काढायच्या, त्याच जास्त निघतील.

आता मेडिकलमध्ये रोज घडतं ते वर्गात करा. दहा गोळ्यांच्या पट्टीतून कात्रीने चार कापा. कोड कुठल्या तुकड्यावर गेला? बॅच नंबर कुठल्या? मुदतीची तारीख कुणाकडे राहिली? अमेरिकी पुस्तकांत रुग्णाच्या खाटेशेजारी बारकोड स्कॅन करायची जी पद्धत दिलेली असते, ती एकेका गोळीच्या वेष्टनावर कोड असेल तरच चालते. आपल्या कापलेल्या पट्टीला ती लावायची तर रुग्णालयाच्या फार्मसीने गोळ्या सुट्या पाकिटांत भरून लेबल लावायला हवं. त्या लेबलवर काय हवं, ते मुलांकडून लिहून घ्या. अभ्यासक्रमात लेबल तयार करायचं प्रात्यक्षिक आहेच, ते इथे वापरा.

साठ्याच्या हिशेबात एक सापळा आहे, तो प्रत्येक मुलाला माहीत असायला हवा. समजा, आरोग्य केंद्रात जूनमध्ये अमॉक्सिसिलिनच्या ६०० कॅप्सूल गेल्या. संगणक म्हणतो, महिन्याची गरज ६००. पण कॅप्सूल २० तारखेलाच संपल्या होत्या, उरलेले दहा दिवस रुग्ण रिकाम्या हाताने परत गेले. साठा असलेल्या २० दिवसांत ६०० गेल्या, म्हणजे तीस दिवसांची गरज ९०० होती. पुढची मागणी ६०० ची गेली, तर टंचाई दर महिन्याला पुन्हा येणार आणि कागदावर सगळं बरोबर दिसणार. शून्य खप आणि शून्य साठा यांतला फरक नोंदीत दिसलाच पाहिजे. हे गणित पाच मिनिटांचं आहे, पण ते न कळल्याची किंमत रुग्णाला मोजावी लागते.

दुष्परिणामांच्या नोंदीसाठी भारताच्या फार्माकोव्हिजिलन्स कार्यक्रमाचा फॉर्म वापरा. गाझियाबादच्या इंडियन फार्माकोपिया कमिशनमध्ये त्याचं राष्ट्रीय केंद्र आहे आणि तिथून नोंदी स्वीडनमधल्या उप्साला केंद्राच्या जागतिक संग्रहात जातात. फॉर्मवर रकाने पुष्कळ आहेत, पण रुग्णाची आद्याक्षरं, वय, काय झालं, कधी सुरू झालं, कोणत्या औषधाचा संशय आहे आणि नोंदवणारा कोण, एवढं भरल्याशिवाय नोंद ग्राह्य होत नाही. मुलांना रुग्णाच्या बोलीतलं निवेदन द्या: ‘परवा रात्री गोळी घेतली आणि सकाळी अंगावर पित्त उठलं.’ ते फॉर्मवर अर्टिकॅरिया म्हणून गेलं पाहिजे. ‘पित्त झालंय’ म्हणणाऱ्या रुग्णाला मात्र छातीत जळजळ किंवा मळमळ असते, त्याचा कोड वेगळा. चक्कर, भोवळ, गरगरणं यांचंही तसंच आहे, विचारल्याशिवाय ठरवता येत नाही. म्हणून एका मुलाने रुग्ण व्हावं, दुसऱ्याने प्रश्न विचारत फॉर्म भरावा आणि तिसऱ्याने फक्त तो फॉर्म वाचून काय घडलं ते सांगावं. तिसऱ्याची गोष्ट पहिल्याच्या गोष्टीशी जुळते का, यावर गुण द्या.

नाव झाकलं म्हणजे ओळख झाकली असं नाही

चौथ्या वर्षाला काल्पनिक चिठ्ठ्या पुरत नाहीत, खऱ्या लागतात. ओळखीचं मेडिकल किंवा रुग्णालय देतंही. तिथे आधी लेखी परवानगी आणि कॉलेजच्या नीतिसमितीची संमती घ्या. मुलांनी चिठ्ठ्यांचे फोटो फोनमध्ये काढायचे नाहीत, नोंद जागेवरच ओळखविरहित तक्त्यात करायची. नाव, फोन, पत्ता, केस नंबर तर काढायचेच, पण छोट्या गावात वय, गाव आणि क्षयरोगाचं किंवा मनोविकाराचं औषध एवढ्यावरूनही माणूस ओळखू येतो. वय दहा वर्षांच्या गटात लिहा आणि गावाऐवजी तालुका लिहा. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा २०२३ मध्ये आला आहे. माहिती सुरक्षित न ठेवल्यास त्यात २५० कोटी रुपयांपर्यंत दंड आहे. मुलं पुढे मेडिकल चालवतील तेव्हा व्हॉट्सॲपवर आलेल्या शेकडो चिठ्ठ्या त्यांच्या फोनमध्ये साठतील. त्या किती दिवस ठेवायच्या, दुकानातल्या मुलांनी त्या पाहायच्या की नाहीत, फोन दुरुस्तीला देताना काय करायचं, याची चर्चा कॉलेजातच झालेली बरी. आयुष्मान भारत डिजिटल मिशनमधला आरोग्य-ओळखीचा ‘आभा’ क्रमांक काढणंही ऐच्छिक आहे. वर्गात दाखवायचा तर शिक्षकाने स्वतःच्या खात्यावर दाखवावा, मुलांवर सक्ती करू नये.

सॉफ्टवेअरसाठी पैसे नाहीत, ही अडचण खरी आहे, पण मोठी नाही. बाह्मनी ही रुग्णालयाची मोफत, मुक्तस्रोत प्रणाली छत्तीसगडमधल्या गनियारीच्या जन स्वास्थ्य सहयोग रुग्णालयात पहिल्यांदा वापरली गेली. रुग्णाच्या नोंदी ओपन-एमआरएसमध्ये, प्रयोगशाळा ओपन-एलिसमध्ये आणि औषधसाठा व बिल ओडूमध्ये, अशी तिची रचना आहे. संगणकाच्या शिक्षकांनी ती लॅबमध्ये उभी करून दिली, की चिठ्ठी डॉक्टरांच्या स्क्रीनवरून फार्मसीच्या स्क्रीनवर येताना मुलांना समोर दिसते. हे त्यांचं काम, आणि चिठ्ठीत काय घालायचं हे फार्मसी प्रॅक्टिसच्या शिक्षकांचं. दोघांनी एकाच वेळी लॅबमध्ये उभं राहावं, यासाठी प्राचार्यांकडे वेळापत्रकात आठवड्याचे दोन तास मागा. वीस-वीसच्या बॅचमध्ये ते सहज बसतं.

परीक्षेत ‘एचआयएस म्हणजे काय, टीप लिहा’ हा प्रश्न ठेवायचाच असेल तर एक ठेवा. बाकीचे गुण एका छापील पानाला द्या. पानावर सहा ओळींची ऑर्डर, तिच्या शेजारी फार्मसीतली नोंद आणि खाली दिलेल्या औषधाचं लेबल. एका ओळीत एकक बदललेलं, एकीत १-१-१ ची तारीख झालेली, एकीत पॅरासिटामॉल दोनदा, एकीत मेथोट्रेक्सेट रोज, आणि दोन ओळी पूर्ण बरोबर. विद्यार्थ्याने चूक ओळखली की एक गुण, ती कोणत्या टप्प्यावर शिरली हे सांगितलं की दोन, आणि डॉक्टरांना फोनवर नेमकं काय विचारणार ते एका वाक्यात लिहिलं की तीन. बरोबर ओळींवर उगाच लाल खूण केली तर एक गुण वजा. असे चार-पाच संच एकदा तयार करून ठेवले, की दरवर्षी औषधं आणि आकडे बदलून तेच पुन्हा वापरता येतात.